बाबांचा आवाज कॅसेटमधून उतरवताना: यूएसबी प्लेअर घ्यावा की काम सेवेकडे द्यावं?

वडील गेल्यावर फोटो बहुतेक घरांत सापडतात. आवाज मात्र एखाद्या जुन्या कॅसेटवरच उरलेला असतो, आणि त्याची दुसरी प्रत नसते. तो संगणकावर आणायचे दोन मार्ग सध्या विकले जातात. एक, हातात मावणारा यूएसबी कॅसेट प्लेअर. दुसरा, कॅसेट घेऊन फाइल देणारी सेवा. गाण्यांच्या कॅसेटला यातलं काहीही चालेल, कारण ती गाणी दुसरीकडे मिळतात. वडिलांच्या बोलण्यासाठी आमचं मत स्पष्ट आहे: छोटा प्लेअर टाळा, काम सेवेकडे द्या आणि देताना अटी घाला. अटी घातल्या नाहीत तर सेवेकडूनही निराशाच पदरी पडते.

आधी प्लेअरबद्दल. फिलिप्सने 1963 मध्ये आणलेल्या या कॅसेटमधली फीत जेमतेम 3.8 मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला 4.76 सेंटिमीटर या वेगाने सरकते. हा वेग स्थिर राहायला जड फ्लायव्हील (गती एकसारखी ठेवणारं चाक) आणि चांगली मोटर लागते. हातात मावणाऱ्या यंत्रात दोन्ही नसतात, म्हणून वेग कमी-जास्त होतो आणि आवाज थरथरतो. गाण्यात ही थरथर एखाद्या वेळी झाकली जाते, पण बोलण्यात लांबवलेला ‘आ’ किंवा ‘ओ’ आला की लगेच कानाला टोचते. शांत माणूसही कापऱ्या आवाजात बोलतोय असं वाटतं. शिवाय अशा बऱ्याच यंत्रांत आवाजाची पातळी ठरवायची सोय नसते. मोठ्याने हसलेलं फाटतं, हळू बोललेलं खरखरीत बुडतं. काही यंत्रं थेट पेन ड्राइव्हवर एमपी3 करतात आणि शांतता आली की फाइल तोडतात. वडील वाक्याच्या मध्ये थांबून विचार करत असतील तर नेमकी तीच जागा तुटते.

सेवेचा खरा फायदा यंत्राइतकाच माणसाचा आहे. चांगला तंत्रज्ञ फीत चालवण्याआधी कॅसेट उजेडात धरून बघतो. खिडकीतून गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी असते. तशी कॅसेट चालवली की डेकचं (कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राचं) हेड, म्हणजे फितीवरचा आवाज उचलणारा भाग, खराब होतं आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होते. मग फितीच्या मागची फेल्टची छोटी गादी बघायची. तिचा गोंद वाळून ती गळून पडलेली असते, आणि तिच्याशिवाय फीत हेडला नीट टेकत नाही. ‘आवाज दबलाय, मध्येच जातो-येतो’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हीच गादी असते. उपाय सोपा आहे: दोन्ही गुंडाळ्या स्क्रूने उघडणाऱ्या दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवायच्या. फीत तुटली असेल तर जोडायला खास स्प्लायसिंग टेपच हवी. घरातली चिकटपट्टी वापरू नका, तिचा गोंद पाझरतो आणि शेजारचे थर एकमेकांना चिकटतात.

कॅसेट कोणाच्याही हातात देण्याआधी घरी करायचं काम एकच. वरच्या कडेला दोन्ही कोपऱ्यांत असलेले प्लास्टिकचे छोटे तुकडे तोडून टाका. ते नसले की डेकवर रेकॉर्डचं बटण दाबलं जात नाही. ही एक गोष्ट राहून गेल्यामुळे आवाज कायमचा पुसला जाऊ शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाची अट, जी सेवा देणारे स्वतःहून क्वचितच सांगतात: प्रत्येक कॅसेटसाठी अझिमथ, म्हणजे हेडचा फितीशी असलेला कोन, जुळवणं. घरगुती टेपरेकॉर्डरचं हेड बहुधा किंचित तिरकं बसलेलं असायचं, आणि रेकॉर्डिंगही तेवढंच तिरकं झालेलं असतं. ते सरळ हेडवर वाजवलं की ‘स’, ‘श’, ‘च’ बोथट होतात. हेडशेजारी स्प्रिंगवर एक बारीक स्क्रू असतो. दोन्ही चॅनल एकत्र (मोनो) करून ऐकायचे आणि ‘स’ सर्वात स्वच्छ येईपर्यंत तो अगदी थोडा-थोडा फिरवायचा. पाव फेरीत आवाजावरचं कांबळं काढल्यासारखा फरक पडतो. नंतर संगणकावर ट्रेबल वाढवून हे साधत नाही, कारण जे फितीवरून उचललंच गेलं नाही ते परत कुठून येणार? ‘अझिमथ जुळवता का?’ या प्रश्नाला समोरून नुसतं ‘आमचं मशीन चांगलं आहे’ असं उत्तर आलं, तर कॅसेट परत घ्या.

दुसरा प्रश्न वेगाचा. बॅटरी उतरलेली असताना केलेलं रेकॉर्डिंग हळू झालेलं असतं, म्हणून आज वाजवताना ते जलद आणि चिरकं येतं. बाबा घाईत आहेत असं वाटतं, आणि कुटुंबातला प्रत्येक जण म्हणतो, ‘त्यांचाच आवाज आहे, पण काहीतरी वेगळं आहे’. रेकॉर्डर विजेवर चालवलेला असेल तर मागे बारीक गुणगुण असते आणि ती दुरुस्तीला कामी येते. देशाप्रमाणे ती 50 किंवा 60 हर्ट्झला असायला हवी. 50 च्या जागी 52 दिसली, तर फीत चार टक्के जलद आहे. तेवढा वेग कमी करायचा. गती आणि सूर एकत्र उतरले पाहिजेत, नुसता सूर उतरवून भागत नाही. गुणगुण नसेल तर घरातलं माणूस शेजारी बसवून ठरवावं, त्यांच्या कानाइतकं विश्वासाचं माप दुसरं नाही.

खरखर काढण्याबद्दल आमचं मत थोडं कडक आहे. घरगुती रेकॉर्डरमध्ये पातळी आपोआप ठरायची: बोलणं थांबलं की यंत्र संवेदनशीलता वाढवायचं आणि मागची खरखर फुगायची. सॉफ्टवेअर याच शांत जागेतून खरखरीचा नमुना घेतं आणि तेवढीच वजाबाकी सगळीकडे करतं. बोलण्याच्या जागी खरखर मुळात कमी असते, म्हणून तिथे व्यंजनं आणि श्वास कापले जातात. निकाल पाण्याखालून बोलल्यासारखा. हल्ली एआयने ‘स्टुडिओसारखा’ आवाज करून देतात. ऐकायला तो सुरेख वाटतो, पण त्यातले काही बारकावे यंत्राने अंदाजाने भरलेले असतात. वडिलांचा खाकरा, बोलण्याआधी घेतलेला श्वास, मागे वाजलेलं दार, हे सगळं त्यांचंच आहे. सफाई हवी तर सहा ते आठ डेसिबलपर्यंत ठेवा, आणि तीही प्रतीवर.

म्हणून फाइल दोन मागा. पहिली कसलीही सफाई न केलेली डब्ल्यूएव्ही (आवाजातलं काहीही न गाळता साठवणारी फाइल), 24 बिट, 48 किंवा 96 किलोहर्ट्झ. 48 वर स्टिरिओचा एक तास साधारण एक गीगाबाइट होतो, आजच्या काळात ही जागा फार नाही. दुसरी हलकी एमपी3, फोनवर पाठवायला. नुसती एमपी3 देणाऱ्या सेवेला आम्ही शिफारस देणार नाही. उतरवणं मूळ वेगानेच झालं पाहिजे. दुप्पट वेगाने उतरवून नंतर हळू करण्यात वरचे स्वर जातात.

फाइल हाती आली की लांबी मोजा. सी-60 ची एक बाजू 30 मिनिटांची असते, सी-90 ची 45. अकरा मिनिटांची फाइल आली आणि ‘पुढे रिकामी आहे’ असं सांगितलं, तरी शेवटपर्यंत उतरवून मागा. रेकॉर्डिंग थांबवून, कॅसेट पुढे सरकवून, पुन्हा बोललेलं असणं फार नेहमीचं आहे. दोन्ही बाजूंचं असंच. खिशातल्या छोट्या रेकॉर्डरची मायक्रोकॅसेट असेल तर तिचे वेग दोन असतात, सेकंदाला 2.4 आणि 1.2 सेंटिमीटर. तंत्रज्ञाला हे माहीत आहे का, तेही विचारून घ्या.

मूळ कॅसेट परत घ्याच. काही ठिकाणी ‘जुनी ठेवून काय करणार’ म्हणून विल्हेवाट लावण्याची सोय देतात, ती नाकारा. डब्यात उभी, एका टोकाला पूर्ण गुंडाळलेली, स्पीकर आणि चुंबकापासून लांब, कोरड्या जागी ठेवा. फाइलच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी असू द्या. फाइलच्या नावात वर्ष, बाजू आणि कोण बोलतंय ते लिहा, कारण ‘ट्रॅक 01’ ही फाइल पुढच्या पिढीत कुणी उघडणार नाही.