"सोड" म्हटल्यावर सोडतो का? रक्षक कुत्रा, दोन ट्रेनर आणि माझे अकरा महिने

मेव्हण्याच्या जॅकेटची डावी बाही आमच्या वाघ्याच्या तोंडात, मेव्हणा जॅकेटच्या आत, आणि मी शेजारी उभा राहून "सोड! सोड! अरे सोड ना!" करतोय. चांगलं दीड मिनिट. हाताला खरचटलंसुद्धा नाही, जॅकेट मात्र गेलं. त्या दिवसापर्यंत मी पहिल्या ट्रेनरला पाच तारे देत फिरत होतो.

जर्मन शेफर्ड घ्यावा की मॅलिन्वा, हे तुम्ही आधीच वाचलेलं असणार, त्यात शिरत नाही.

पहिल्याकडे भिंतभर प्रमाणपत्रं आणि मोबाइलभर व्हिडिओ. कुत्रा सुसाट येतो, जाड स्लीव्ह घातलेल्या माणसावर झेप, माणूस स्लीव्ह काढून देतो, कुत्रा ती मिरवत पळतो. व्हिडिओ तिथंच संपतो. सगळेच. सोडतानाचा एकही नाही, हे सहा महिन्यांची फी भरून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. स्लीव्ह देऊन टाकण्यात चूक काही नाही. कोवळ्या कुत्र्याला आपण जिंकलो असं वाटावं म्हणून ते करतातच. पण आमच्याकडे तेवढंच झालं. वाघ्याचा हिशेब पक्का: जाड बाही दिसली की धरायची, आणि धरलेली आपली. समोरचा माणूस धोक्याचा आहे का, याचा काही संबंधच नाही.

तक्रार केली तर त्याने आधी पट्टा खेचून सोडवायचा प्रयोग केला. खेचलं की कुत्रा आणखी घट्ट धरतो, हे कुत्र्याशी दोरीची ओढाओढ खेळलेलं पोरही सांगेल. मग म्हणे शॉक कॉलर घ्या, तिचे पैसे वेगळे. फी परत मागितली. लेखी काहीच नव्हतं. पुढचं लिहीत नाही, बीपी वाढतं.

दुसऱ्या ट्रेनर बाईंनी आधी चक्क नाही म्हटलं. घरी कोण येतं-जातं, लहान मुलं किती, नुसता भुंकणारा कुत्रा का नाही चालणार, अशी माझीच उलटतपासणी. मग वाघ्यासमोर फटकन छत्री उघडली, भांडं फरशीवर पाडलं, अनोळखी माणसाला जवळून जायला लावलं. दचकून चावणाऱ्या कुत्र्याला त्या हे काम शिकवतच नाहीत. वाघ्या पास झाला. मी काठावर.

त्यानंतर दोन महिने चावणं बंद. बस, थांब, शेजारी चाल. फी कशाची भरतोय, असं मी विचारलंसुद्धा. तर त्यांनी सांगितलं की आयजीपी (2019 च्या आधी हिलाच आयपीओ म्हणत) या माग काढणं, आज्ञापालन आणि रक्षण अशा तीन भागांच्या कुत्र्यांच्या परीक्षेला बसायचं तर आधी बीएच ही आज्ञापालनाची प्राथमिक परीक्षा पास व्हावी लागते. त्यासाठी कुत्रा किमान 15 महिन्यांचा हवा आणि त्यात चावणं नसतंच. पुढे आयजीपीच्या रक्षणाच्या भागात एकदा हुकूम, वर आणखी दोनदा, तरी सोडलं नाही तर कुत्रा बाद. मी मेव्हण्यादेखत चाळीसेक वेळा तरी म्हटलं असेल. ती परीक्षा मैदानावरची, ती पास झालेला कुत्रा घर राखेलच असं नाही, हेही बाईंनीच सांगितलं.

आता "सोड"बद्दल, कारण अकरा महिन्यांत पैसे वसूल झाले ते इथंच. चावायची दोरी त्यांनी अंगाशी धरून निश्चल केली. खेचणं नाही, ओरडणं नाही. वाघ्याने थोडा वेळ झटापट केली, मजा येईना, जबडा सैल पडला. त्याच क्षणी शाबासकी, आणि लगेच "घे", पुन्हा धरायला दिली. सोडलं की परत मिळतं, एवढं डोक्यात बसलं की झालं. हुकूम नंतर जोडला. रोज दहा मिनिटं घरी, तिसऱ्या आठवड्यात पठ्ठ्या सोडायला लागला.

इथवर लिहीपर्यंत पहिल्याला शून्य तारे देणार होतो. पण वाघ्या आज शेजारी जो छान चालतो ती त्याचीच मेहनत, बाईंनी त्यात बदल केला नाही. आणि घरी सराव करा असं तोही म्हणायचा, मीच करत नव्हतो. चला, दीड तारा.

बाईंचे दोष: कायम वीस मिनिटं उशीर, फोन उचलत नाहीत, पावसाने तास बुडाला तर भरपाई नाही. यासाठी एक तारा कापलाय, आणि तो मी परत देणार नाही. मात्र दुसऱ्यांच्या कुत्र्यांचे तास बघू देतात. तुम्ही कुठेही ट्रेनर बघायला गेलात तर झेपेवर भाळू नका. कुत्रा समोरच्या माणसाकडे अर्ध्या वाटेत पोचला की त्याला परत बोलवायला सांगा. ट्रेनरने नाही, मालकाने. दाखवायला टाळाटाळ झाली तर चहा पिऊन निघा.

सध्या माझ्या पहिल्या हुकमाला वाघ्या सोडतो, बायकोला दोनदा म्हणावं लागतं. पुढच्या महिन्यापासून तिलाही मैदानावर बोलावलंय. मेव्हण्याला नवीन जॅकेट घेऊन दिलं. पातळ बघून.