एपीआय सॉल्टवॉटर मास्टर टेस्ट किट: मासे आणायच्या आधी हे घ्या

खाऱ्या पाण्याची टाकी लावणार असाल तर लाइट, स्किमर, वेव्हमेकर सगळं नंतर बघा, आधी हे किट घ्या असं मी सरळ सांगेन. पीएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट अशा चार टेस्ट आहेत यात, आणि टाकी सायकल करताना, म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया खाणारे बॅक्टेरिया पाण्यात वाढवताना, नेमक्या याच चार गोष्टी बघायच्या असतात. माझी टाकी ठाण्यात आहे, दीडशे लिटरची, आणि रिकामी वाटणाऱ्या त्या पाण्यात काय चाललंय हे मला फक्त या बाटल्यांमुळेच कळत होतं.

पूर्वी लोक लाइव्ह रॉक, म्हणजे समुद्रातून काढलेला दगड, टाकायचे, बॅक्टेरिया त्या दगडासोबतच यायचे म्हणून काम लवकर उरकायचं. पण रीफ बांधणारे सगळे प्रवाळ आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्यात आहेत, त्यामुळे कोणी समुद्रातून काढलेला दगड देतो म्हणाला तरी अजिबात घेऊ नका. मी कोरडे सिरॅमिक दगड घेतले. त्यांच्यावर सुरुवातीला बॅक्टेरिया नसतातच म्हटलं तरी चालेल, म्हणजे सायकल पहिल्यापासून करायची, आणि टेस्ट केल्याशिवाय ती झाली की नाही हे कळायला दुसरा मार्ग नाही, पाणी तर पहिल्या आठवड्यातच काचेसारखं स्वच्छ दिसायला लागतं.

आणि इथेच दुकानदार गंडवतात. ज्या दुकानातून मीठ घेतलं तिथला माणूस म्हणाला, "दादा, चार डॅमसेल सोडा, महिन्यात टाकी सेट होईल, जगले तर जगले." मला हे ऐकवलं नाही. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ ठेवायचा असतो आणि पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी भाग वाढतो, म्हणजे त्या चार माशांचे कल्ले रोज जळत राहणार आणि आपण काचेबाहेर उभं राहून बघणार. काही गरज नाहीये हो याची. अमोनिया बाहेरून घालता येतो, अमोनियम क्लोराइड म्हणजे नवसागर. फक्त कल्हईवाला वापरतो तो बाजारातला नको, त्यात काय काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही, लॅब ग्रेडचा घ्या. दीडशे लिटरला साधारण एक ग्रॅम घातला की अमोनिया २ पीपीएमच्या (म्हणजे लिटरला २ मिलीग्रॅमच्या) आसपास जातो आणि तेवढा पुरे, ५ च्या वर नेलात तर बॅक्टेरियाच मंदावतात. सोबत मी बॅक्टेरियाची बाटलीही ओतली होती. अशा बाटल्यांवर त्याच दिवशी मासे सोडा असं लिहिलेलं असतं, ते खरं की खोटं हे किट सांगेल, लेबल नाही.

आता किट कसं वापरायचं. अमोनियासाठी काचेच्या नळीत रेषेपर्यंत ५ मिली टाकीचं पाणी, पहिल्या बाटलीचे आठ थेंब, दुसरीचे आठ, टोपण लावून हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. बाटली एकदम उभी उलटी धरायची, तिरकी धरली की थेंब लहानमोठे पडतात आणि रीडिंग बदलतं. मग नळी किटातल्या रंगांच्या कार्डाच्या पांढऱ्या भागावर टेकवून खिडकीशी दिवसाच्या उजेडात बघायची. पिवळं म्हणजे शून्य, जितकं हिरवं तितका अमोनिया जास्त. सुरुवातीला माझं रोज तेच हिरवं, मग एका सकाळी त्यात पिवळसर झाक दिसली आणि त्याच वेळी नायट्राइटच्या नळीत पाचवा थेंब पडायच्या आतच रंग जांभळा व्हायला लागला. इतका आनंद झाला मला! बॅक्टेरियाच्या पहिल्या टोळीने अमोनिया खाऊन नायट्राइट करायला घेतलं होतं, आता दुसरी टोळी, ती त्या नायट्राइटचं नायट्रेट करणार, ती तयार व्हायची वाट बघायची.

ही दुसरी टोळी मात्र अंत बघते. नायट्राइटचं कार्ड ५ पीपीएमला संपतं, त्याच्यावर कितीही असलं तरी जांभळं ते जांभळंच, आणि इथे लोकांना वाटतं की सायकल अडकली. अशा वेळी १ मिली टाकीचं पाणी आणि ४ मिली आरओचं पाणी घेऊन टेस्ट करा, येईल त्या आकड्याला पाचने गुणा, मग उतरतंय की नाही ते कळतं. जांभळं आहे तोवर नवसागर थोडा आवरता घ्या. आणि नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, कारण ती टेस्ट आधी नायट्रेटचं नायट्राइट करून मगच रंग देते, त्यामुळे आधीपासून पाण्यात असलेलं नायट्राइटही त्यात मोजलं जातं आणि आकडा उगाच फुगतो.

नायट्रेटची टेस्ट सगळ्यात कटकटीची. दुसऱ्या बाटलीत तळाशी पावडर बसते, ती ३० सेकंद जोरात हलवायची, थेंब घातल्यावर नळी आणखी एक मिनिट हलवायची. कंटाळा केलात तर पाणी पिवळं राहतं आणि वाटतं वा, नायट्रेट नाहीच. हात दुखेपर्यंत हलवा पण हलवा.

उणिवा आहेतच. असल्या रंगवाल्या सगळ्या किटांत शून्य आणि ०.२५ मधला फरक डोळ्याला नीट पकडता येत नाही, ट्यूबलाइटखाली तर नाहीच. यावर मी वापरतो तो उपाय म्हणजे मीठ न घातलेल्या ताज्या आरओ पाण्याची दुसरी नळी शेजारी ठेवायची आणि कार्डापेक्षा तिच्याशी ताडून बघायचं. क्षारतेसाठी रिफ्रॅक्टोमीटर वेगळा घ्यावा लागतो, अल्कलिनिटी, कॅल्शियम, फॉस्फेटही यात नाही, पण मासे सोडायच्या आधी त्यांचं काही अडत नाही. काही बाटल्यांत ॲसिड आहे, म्हणून नळीवर अंगठा दाबून हलवू नका, घरात लहान मुलं असतील तर किट वरच्या फळीवर ठेवा आणि टेस्ट झालेलं पाणी टाकीत परत अजिबात ओतू नका.

सायकल झाली हे कधी म्हणायचं, तर २ पीपीएम अमोनिया घालून २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले पाहिजेत, तेही लागोपाठ दोनदा. मग नायट्रेट उतरवायला पाणी भरपूर बदलायचं आणि आधी एक-दोनच मासे आणायचे, कारण बॅक्टेरिया मिळेल त्या खाण्याइतकेच वाढतात. माझे क्लाउनफिश आल्यावर पहिले काही दिवस मी रोज अमोनिया बघत होतो आणि नळी दरवेळी पिवळीच निघाली, मासे पहिल्या संध्याकाळीच खायला लागले.

पाण्यात बुडवायच्या टेस्ट पट्ट्यांपेक्षा महाग आहे, पण खोक्यावर ५५० टेस्ट लिहिल्यात, त्या हिशोबाने एकेक टेस्ट स्वस्त पडते. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. घेताना गोड्या पाण्याचं किट हातात देत नाहीत ना ते बघा, आणि बाटलीवरच्या लॉट नंबरचे शेवटचे चार आकडे वाचा, तो बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं, इम्पोर्टेड माल दुकानात बराच काळ पडून राहू शकतो, जुनी तारीख दिसली तर दुसरं खोकं मागून घ्या.