खोल समुद्रातील तेलासाठी जहाज की स्पार?
उजनीचे पाणी पाहिलेल्या सोलापूरच्या विद्यार्थ्यांना खोल समुद्रातील तेल-उत्पादनाचे जहाज चटकन उमगते. त्यावरील यंत्रसामग्री गोदीतच बसवून तपासता येते आणि ठिकाणी पोहोचल्यावर ते समुद्रतळाशी आधीच रोवलेल्या नांगरांना जोडतात; तेलही त्याच्याच पोटात साठते. स्पार म्हणजे पाण्यात उभ्या तरंगणाऱ्या नळकांड्यावरचा तेल-उत्पादनाचा मंच; त्याचे अजस्र नळकांडे मात्र आडवे ओढत नेऊन, पाणी भरून उभे करावे लागते, आणि नंतर क्रेनने डेक चढवण्यासाठी शांत हवामानाची वाट पाहावी लागते, जी (उन्हाळ्यातल्या सोलापुरी पावसासारखी) लांबू शकते. एकदा उभा राहिला, की स्पार लाटांवर कमी हलतो. मेक्सिकोच्या आखातातील पर्डिडो हा स्पार सुमारे २,४५० मीटर पाण्यात आहे. तरीही किनाऱ्यापर्यंत तेलवाहिनी नसेल, तर माझा कल जहाजाकडेच राहील. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात ओएनजीसीने जानेवारी २०२४ मध्ये जहाजावरच खोल समुद्रातील तेल घेण्यास सुरुवात केली.