वजनकाटा आणि कॅलरीचं अ‍ॅप, 7 महिन्यांनंतर (कोल्हापुरी जेवणावर वापरून)

मार्चपासून वापरतोय, 7 महिने झाले, म्हणून आता लिहायला हरकत नाही. एक मोबाईलवरचं फुकटातलं कॅलरी मोजायचं अ‍ॅप आणि एक 5 किलोपर्यंतचा डिजिटल किचन वजनकाटा. वजन 84 होतं ते 77 वर आलंय, पण आधीच सांगतो, खरं काम काट्यानं केलंय.

पहिला महिना नुसतं अ‍ॅपच होतं. त्यात 'भात 100 ग्रॅम' शोधलं की दोन नोंदी यायच्या, एकीत 350 कॅलरी, एकीत 130. मी 350 वाली घेत होतो. ती कच्च्या तांदळाची, शिजला की तोच तांदूळ पाणी पिऊन अडीच-तीन पट होतो म्हणून शिजलेल्याला 130. म्हणजे ताटातल्या 200 ग्रॅम भाताचे 260 व्हायला पाहिजेत तिथं मी 700 लिहीत होतो आणि आज जास्त झालं म्हणून रात्री भाकरी सोडून उपाशी झोपत होतो. तरी वजन हलत नव्हतं, कारण खरी गळती दुसरीकडंच होती.

एक म्हणजे दूध. कोल्हापुरात गंगावेशच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी समोर धार काढून दिलेलं म्हशीचं दूध, तालमीत जायचो तेव्हापासनंची सवय. अ‍ॅप 'दूध 1 ग्लास' म्हटलं की टोन्ड (फॅट कमी केलेलं) दूध धरतंय, 250 मिलीला दीडशेच्या आसपास. म्हशीच्या दुधात फॅट जवळजवळ दुप्पट, त्यामुळं तोच ग्लास 270 च्या आसपास जातो. दूध वाईट असं अजिबात म्हणत नाही. वस्ताद आम्हाला दूध-थंडाई द्यायचे ते शेकडो जोर-बैठका मारून घेतल्यावर, आणि मी आता गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसतोय. आठवड्यातनं दोनदा जातो आता, आणि त्या दिवशी रंकाळा तलावाला पूर्ण चक्कर मारतो.

दुसरं, आणि सगळ्यात मोठं, तेल. ताटातलं तेल तोलता येत नाही म्हणून आम्ही महिन्याचं तोललं. घरात चार माणसं, 5 लिटरचा डबा बरोबर महिनाभर जायचा. 5 लिटर म्हणजे साडेचार किलोच्या वर तेल, ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे 41 हजार, भागिले चार माणसं, भागिले 30 दिवस, माणशी रोज 340 कॅलरी नुसत्या फोडणीतनं. हा आकडा मी आईला कागदावर करून दाखवला. तोपर्यंत ती चिडायची, अन्न असं तोलू नये म्हणायची, आणि तिचं बरोबरच होतं, कारण मी जेवायला बसल्यावर ताट काट्यावर ठेवायचो आणि वाढणाऱ्या माणसाला ते लागतं. ते बंद केलं. आता फक्त कच्चा माल तोलायचा, ओट्यावरच, ताट वाढलं की काटा आत. आता आईच पातेलं काट्यावर ठेवून आकडा शून्य करते आणि तेल ओतते. डबा 3 लिटरचा झालाय, माणशी रोज 205. चवीत फरक पडला का तर मला नाही जाणवला, कांदा-लसूण मसाला चांगला असला की भागतं.

रविवारच्या मटणाला अ‍ॅपमध्ये 'मटण करी' अशी एकच नोंद, आपलं सुकं वेगळं, तांबडा रस्सा वेगळा, पांढरा रस्सा वेगळा, ते त्याला कुठनं कळणार. म्हणून मी तिन्हीच्या रेसिपी स्वतः भरल्या, मटण, खोबरं, तीळ, खसखस सगळं तोलून. लोक तांबड्याला भितात आणि पांढरा हलका म्हणून तीन-तीन वाट्या पितात, पण तांबड्याची तर्री वरनं बाजूला काढता येते, पांढऱ्यातलं नारळाचं दूध आणि काजू रश्श्यातच मिसळलेलं असतंय, ते कुठनं काढणार. बाहेरच्या मिसळीचं मात्र अंदाजानंच लिहितो, त्याला इलाज नाही.

प्रोटीनचं बघून तर धक्काच बसला. जिममध्ये वजनाच्या किलोमागं रोज दीड ग्रॅम सांगितलेलं, मी भरत होतो दिवसाला 45-50. वाटीभर आमटीत प्रोटीन असतंय असं आपण धरून चालतो, पण त्या वाटीत कच्ची डाळ 20 ग्रॅम, म्हणजे प्रोटीन साडेचार ग्रॅम. एका अंड्यात सहा. आता 3 अंडी, 50 ग्रॅम सोयाबीन वडी (त्यातच 25-26 ग्रॅम येतं), दही आणि घट्ट डाळ असं करून शंभरीला पोचतो. शेंगदाण्यात प्रोटीन आहे, 100 ग्रॅममागं 25, पण सोबत 49 ग्रॅम फॅट, त्यामुळं शेंगदाण्याची चटणी चमच्यानं मोजूनच.

अ‍ॅपमधल्या नोंदी कुणीही भरतंय, त्यामुळं शंका आली की मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे तक्ते बघतो, ज्वारी-नाचणीपासनं सगळं कच्च्या मालाचं आहे त्यात.

काट्याच्या तक्रारी पण आहेत. 2-3 ग्रॅमच्या खाली नीट पकडत नाही, मोठं पातेलं ठेवलं की आकडा झाकला जातो, आणि दोन मिनिटात आपोआप बंद पडतो, मधेच फोन आला की सगळं परत पहिल्यापासनं. घेणाऱ्यांनी डिस्प्ले पुढं आलेला बघून घ्या, आणि सेल साधे पेन्सिल सेल लागणारा घ्या, माझ्यातले चपटे सेल प्रत्येक दुकानात मिळत नाहीत. अ‍ॅपचं पैसेवालं व्हर्जन मी घेतलं नाही, गरज पडली नाही. भाकरीचं अजून एक बाकी आहे, आईची आणि बायकोची भाकरी एकसारखी होत नाही, एकीला 60 ग्रॅम पीठ लागतं एकीला 85, म्हणून सध्या दोन वेगळ्या नोंदी ठेवल्यात.