अकॉन्ड्रोप्लेझिया: रोजचं इंजेक्शन की हाडं लांबवण्याची शस्त्रक्रिया?

अकॉन्ड्रोप्लेझिया, म्हणजे हातपाय आखूड राहून उंची खुंटणारा जन्मजात विकार, असलेल्या सहा वर्षांच्या मुलीच्या आईने विचारलंय, व्होसोरिटाइडचं इंजेक्शन द्यावं की मोठी झाल्यावर शस्त्रक्रिया करावी?

आधी मूळ कारण. एफजीएफआर३ या जनुकातल्या बदलामुळे हाडांच्या टोकांची वाढ रोखली जाते. व्होसोरिटाइड तो अडसर सैल करतं. युरोप-अमेरिकेत २०२१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. चाचणीत औषध न घेणाऱ्यांपेक्षा वर्षाला सुमारे १.६ सेंमी जास्त उंची वाढली. मात्र वाढ थांबेपर्यंत रोज त्वचेखाली टोचावं लागतं. रक्तदाब थोडा वेळ उतरू शकतो, म्हणून आधी मुलीला खाऊपिऊ घालायचं. खर्च प्रचंड: अमेरिकेत वर्षाला ३ लाख डॉलरच्या आसपास.

शस्त्रक्रियेत हातापायाचं हाड कापून सळ्यांनी बाहेरून चौकट बसवतात आणि दिवसाला १ मिमी, तेही पाव-पाव मिमी करून, ताणतात. उंची कितीतरी जास्त मिळते. पण नवं हाड पक्कं व्हायला प्रत्येक सेंमीमागे महिनाभर धरा. सळ्यांच्या जागी जंतुसंसर्ग, आखडलेले सांधे, वेदना, बुडणारी शाळा हे सगळं मुलीलाच सोसायचंय. म्हणून तिला समजून होकार देता येईपर्यंत थांबावं, असं मला ठामपणे वाटतं.

या विकारात पाठीच्या कण्यातली पोकळी अरुंद असल्याने मज्जातंतूंवर येणारी दाटी दोन्हींनी सुटत नाही. त्याची तपासणी चालूच ठेवा.

वाढ सुरू असेल आणि खर्चाची सोय होत असेल, तर इंजेक्शन. वाढ थांबलीय, हात स्वच्छतेपुरतेही पोचत नाहीत आणि मुलीची स्वतःची तयारी आहे, तर शस्त्रक्रिया. ती आहे त्या उंचीत आनंदात असेल, तर दोन्ही नको. घरातले स्विच, नळ, बेसिन खाली घ्या.