डेल यू२७२३क्यूई: लिनक्स लॅपटॉपला जोडायचा फोरके मॉनिटर, सीमाभागातल्या कामाच्या नजरेनं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कागदपत्रांचं काम करणाऱ्यांच्या पडद्यावर दोन लिप्या शेजारी शेजारी असतात. एका खिडकीत कन्नडमधला जमिनीचा उतारा, दुसरीत त्यावरून तयार होणारा मराठी अर्ज किंवा भाषांतर. चौदा इंची लॅपटॉपवर हे दोन्ही नीट मावत नाही. साध्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर मावतं, पण वाचताना डोळे ताणावे लागतात. अशा कामाला डेलचा यू२७२३क्यूई लिनक्सवर कसा पडतो, हे इथे पाहिलं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: पडदा उत्तम आहे, लिनक्सला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. जे अडतं ते बहुतेक वेळा लॅपटॉपच्या पोर्टमध्ये, केबलमध्ये किंवा भिंतीवरच्या बोर्डात अडतं.

हा मॉनिटर २०२२ चा. आकार २७ इंच, रिझोल्यूशन ३८४० बाय २१६० (यालाच फोरके म्हणतात), रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ, म्हणजे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्यानं काढलं जातं. पॅनेल आयपीएस ब्लॅक जातीचं, म्हणजे कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला उजेडाचा फरक) २०००:१. साध्या आयपीएसमध्ये तो साधारण १०००:१ असतो. त्यामुळे रात्री कमी उजेडात काळा रंग कमी राखाडी दिसतो. जोडणीसाठी एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, ९० वॉट चार्जिंग देणारा टाइप-सी, लॅन पोर्ट आणि बरेच यूएसबी पोर्ट आहेत. स्पीकर नाहीत, फक्त ऑडिओ आउट आहे. दुकानदारानं आधी सांगितलं नाही तर ही गोष्ट घरी आल्यावरच कळते.

अक्षरांबद्दल थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण एवढे पैसे मोजायचे ते त्यासाठीच. २४ इंची फुल एचडीवर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल बसतात, इथे १६३. ११ पॉइंटचा मजकूर साध्या पडद्यावर जेमतेम १५ पिक्सेल उंचीत काढला जातो. त्या १५ पिक्सेलमध्ये 'राष्ट्र'मधला ष्ट्र, वरचा रफार, शेजारचा अनुस्वार असं सगळं कोंबायचं असतं. कन्नडमध्ये तर ओत्ताक्षर (जोडाक्षरातलं दुसरं अक्षर) मूळ अक्षराच्या खाली, त्याहून लहान लागतं, आणि नेमकं कुठलं अक्षर लागलंय हे ओळखायला फाइल मोठी करून बघावी लागते. या मॉनिटरवर १५० टक्के स्केलिंग (अक्षरं आणि खिडक्या किती मोठ्या काढायच्या ते प्रमाण) ठेवलं की त्याच मजकुराला २२ पिक्सेल मिळतात. नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सान्स कन्नड हे दोन्ही फाँट शेजारी ठेवून बघा, फरक सांगावा लागत नाही.

स्कॅन केलेल्या जुन्या उताऱ्यांसाठी याची आणखी एक सोय आहे. स्टँडवर पडदा ९० अंशांत उभा फिरतो. ३०० डीपीआयला स्कॅन केलेलं ए४ पान २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं असतं. फुल एचडीवर अख्खं पान दाखवायचं तर ते जेमतेम ३१ टक्क्यांवर येतं, फोरके आडवा असेल तर ६२ टक्क्यांवर, आणि उभा फिरवला तर तब्बल ८७ टक्क्यांवर. हातानं लिहिलेला हिस्सा नंबर वाचताना पान वरखाली सरकवावं लागत नाही. लिनक्समध्ये सेटिंग्जमधल्या डिस्प्लेत ओरिएंटेशन बदललं की झालं. फक्त केबल ताणली जात नाही ना, हे फिरवण्याआधी बघा.

आता जोडणी. एकच टाइप-सी केबल लावली की चित्र, चार्जिंग, इंटरनेट, कीबोर्ड-माउस सगळं एकदम सुरू होतं, आणि उबुंटू, फेडोरा, डेबियन या लिनक्सच्या तिन्ही प्रकारांवर ते असंच चालतं. अट एवढीच की लॅपटॉपचा टाइप-सी पोर्ट चित्र पाठवणारा हवा. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं इंग्रजी डी-पी जोडलेलं चिन्ह किंवा थंडरबोल्टची विजेची खूण असेल तर निर्धास्त राहा. काहीच खूण नसेल तर कंपनीच्या स्पेसिफिकेशन पानावर 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' हे शब्द शोधा. स्वस्त लॅपटॉपमध्ये हा पोर्ट पुष्कळदा फक्त पेनड्राइव्ह आणि मोबाइलपुरता असतो, त्याला कुठलीही सेटिंग जादू करणार नाही.

केबल खोक्यात आलेलीच वापरा. ती एक मीटरची आहे आणि आखूड वाटते, म्हणून लोक मोबाइल चार्जरची लांब केबल लावतात. त्या केबलमध्ये वेगवान डेटाच्या तारा नसतात. लॅपटॉप चार्ज होतो, पडद्यावर मात्र 'नो सिग्नल' येतं, आणि दोष लिनक्सला लागतो.

यापुढची गोष्ट जरा बारकाईनं समजून घ्या, कारण सेकंडहँड लॅपटॉपवर अडचण इथेच येते. टाइप-सी केबलमध्ये वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. मॉनिटरच्या मेनूमध्ये 'यूएसबी-सी प्रायोरिटायझेशन' असा पर्याय आहे. 'हाय डेटा स्पीड' निवडलं तर दोन जोड्या चित्राला आणि दोन यूएसबीला मिळतात. 'हाय रिझोल्यूशन' निवडलं तर चारही चित्राला जातात आणि यूएसबी ४८० मेगाबिटवर उतरतं. फोरके ६० हर्ट्झला साधारण १२.८ गिगाबिट लागतात. डिस्प्लेपोर्ट १.४ असलेल्या लॅपटॉपवर दोन जोड्यांतून १२.९६ गिगाबिट जातात, म्हणजे काठावर का होईना पण भागतं. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर म्हणून दोन्ही चालतं. डिस्प्लेपोर्ट १.२ वर मात्र दोन जोड्यांतून ८.६४ गिगाबिटच जातात, आणि चित्र मुकाट्यानं ३० हर्ट्झवर येतं. कंपन्यांतून निघालेला, ८ व्या पिढीचा थिंकपॅड टी४८० याचं ठळक उदाहरण. माउस ओढताना मागे पडल्यासारखा वाटला, की डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघा. ३० दिसला तर मॉनिटरच्या मेनूत जाऊन 'हाय रिझोल्यूशन' करा. त्या बदल्यात मॉनिटरच्या लॅनचा वेग गिगाबिटवरून बराच खाली येईल. १०० मेगाबिटचं कनेक्शन असेल तर त्याचा काही फरक पडत नाही.

टी४८० चा एचडीएमआय पोर्ट १.४ चा आहे, त्यावरही फोरके ३० हर्ट्झच्या पुढे जात नाही. एचडीएमआयवर आणखी एक त्रास होऊ शकतो: रंग धुवट दिसतात, काळा राखाडी दिसतो. लॅपटॉप मॉनिटरला टीव्ही समजून मर्यादित रंगपट्टा पाठवत असतो. केडीई या डेस्कटॉपवर डिस्प्ले सेटिंगमध्ये 'आरजीबी रेंज' हा पर्याय आहे, तो 'फुल' करा. इंटेल ग्राफिक्स असेल आणि एक्स११ (पडद्यावर खिडक्या काढणारी लिनक्सची जुनी यंत्रणा) वापरत असाल तर एक्सरँडर या टर्मिनलमधल्या कमांडनं 'ब्रॉडकास्ट आरजीबी' फुल करता येतं. साध्या चौकोनी यूएसबीतून एचडीएमआय काढणारे अडॅप्टर घेऊ नका. त्यांना डिस्प्लेलिंकचा वेगळा ड्रायव्हर लागतो, आणि काही चिपना लिनक्स ड्रायव्हरच नसतो.

केबल लावूनही काहीच दिसत नसेल तर अंदाज बांधत बसू नका. टर्मिनलमध्ये रूटखालच्या 'सिस' फोल्डरात 'क्लास', त्यात 'डीआरएम' इथे जा. प्रत्येक पोर्टचं वेगळं फोल्डर असतं, त्यातली 'स्टेटस' फाइल उघडा. 'डिसकनेक्टेड' असेल तर केबल किंवा पोर्ट तपासा. 'कनेक्टेड' असूनही पडदा काळा असेल तर घोळ डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये आहे. आणि एचडीएमआयचा पोर्टच यादीत नसेल, लॅपटॉपला एनव्हिडियाचं कार्ड असेल, तर तो पोर्ट त्या कार्डाला जोडलेला आहे आणि ड्रायव्हर चालू झालेला नाही. सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सुरक्षा) सुरू असताना हे पुष्कळदा होतं. ड्रायव्हर टाकताना उबुंटू पासवर्ड विचारतं, पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलं की ड्रायव्हर असून नसल्यासारखा.

स्केलिंगची लिनक्सवर जी भीती घातली जाते ती या आकारात फारशी खरी नाही. चौदा इंची फुल एचडी लॅपटॉपची घनता, म्हणजे एका इंचातले पिक्सेल, १५७ आहे, या मॉनिटरची १६३. दोन्ही जवळपास सारखी असल्यामुळे खिडकी इकडून तिकडे नेली तरी अक्षरं लहानमोठी होत नाहीत. वेलँडवर (एक्स११ च्या जागी आलेली नवी यंत्रणा) दोन्हींना १५० टक्के ठेवा. जुने प्रोग्रॅम पुसट दिसले तर केडीई प्लाझ्मा ६ मध्ये जुन्या प्रोग्रॅमना स्वतः स्केल करू देण्याचा पर्याय आहे, तो चालू करा.

उजेड कमीजास्त करायला दर वेळी मॉनिटरच्या मागची कळ चाचपायची गरज नाही. केबलमधूनच मॉनिटरला हुकूम देणारं 'डीडीसीयूटिल' हे पॅकेज टाका, त्यासाठी लागणारं 'आय२सी-डेव्ह' मॉड्यूल चालू करा, स्वतःला 'आय२सी' ग्रुपमध्ये घाला आणि पुन्हा लॉगिन करा. टर्मिनलमध्ये डीडीसीयूटिलला 'डिटेक्ट' दिल्यावर मॉनिटर दिसला, की 'सेटव्हीसीपी १० ४०' द्या, उजेड ४० टक्क्यांवर येतो. इथे १० हा उजेडाचा क्रमांक आहे. लॅपटॉपचं झाकण बंद ठेवून काम करायचं असेल तर बाहेरचा पडदा जोडलेला असताना लिनक्स मुळातच झोपी जात नाही. जात असेल तर डेस्कटॉपच्या पॉवर सेटिंगमध्ये बघा.

विजेचा मुद्दा आपल्याकडे वगळून चालणार नाही. या जोडणीत लॅपटॉपचं चार्जिंग, इंटरनेट आणि बाहेरची हार्ड डिस्क सगळं मॉनिटरच्या पाठीवर असतं. लाइट गेली आणि मॉनिटर क्षणभर जरी बंद पडला, तरी लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण डिस्क लिहिता लिहिता सुटते. म्हणून मॉनिटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या आणि इन्व्हर्टरचं बटण 'यूपीएस' मोडवर ठेवा, साध्या मोडमध्ये बदलाला जास्त वेळ लागतो. बॅकअपची डिस्क मॉनिटरला न लावता थेट लॅपटॉपलाच लावलेली बरी.

गल्लीतल्या जुन्या घरांत तिसऱ्या पिनला अर्थिंग नसतं, पिन नुसती नावाला असते. मॉनिटरच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. असा गळता करंट असताना चालू यंत्रात एचडीएमआय घालता-काढता पोर्ट जळू शकतो, आणि लॅपटॉपचा पोर्ट जळला तर खर्च मदरबोर्डापर्यंत जातो. वळवाच्या पावसात गडगडायला लागलं की प्लगबरोबर लॅनची वायरही काढा. छतावरून आलेल्या त्या वायरीतून आलेला झटका मॉनिटरमार्गे लॅपटॉपपर्यंत पोचू शकतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

गेमिंगसाठी हा घेऊ नका, ६० हर्ट्झ त्याला अपुरे आहेत. शिवाय १८० वॉटचा चार्जर लागणारे लॅपटॉप ९० वॉटवर पूर्ण ताकदीनं चालत नाहीत. २०२५ मध्ये आलेल्या यू२७२५क्यूईमध्ये १२० हर्ट्झ आणि थंडरबोल्ट ४ आहे; नुसतं वाचन-लेखन असेल तर त्यासाठी जादा पैसे घालायचं कारण दिसत नाही. ज्यांचं काम फक्त टॅली आणि ब्राउझरवर आहे त्यांना २७ इंची क्यूएचडी (२५६० बाय १४४०) पुरेल. त्याची घनता १०९ आहे आणि स्केलिंगची भानगडच नाही. मात्र २७ इंचात फुल एचडी कुणी स्वस्तात देत असेल तरी नको. ८२ पिक्सेलवर जोडाक्षरं लॅपटॉपपेक्षाही वाईट दिसतात.

खरेदीला जाताना लॅपटॉप आणि उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता ज्यावरून उबुंटू चालतं तो) बरोबर न्या. डेमोचा पीस खोक्यातल्या केबलनं लावून रिफ्रेश रेट ६० येतो का आणि चार्जिंगचं चिन्ह दिसतं का, हे दुकानातच बघा. घरी आल्यावर पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पाच रंग पूर्ण पडद्यावर लावून ठिपके तपासा. डेलच्या अल्ट्राशार्प मालिकेत एक जरी पिक्सेल सतत पेटलेला सापडला तरी वॉरंटीत पॅनेल बदलून मिळतं. त्यासाठी बिलावर सर्व्हिस टॅग (मॉनिटरचा ओळख क्रमांक) नीट लिहून घ्या.