कँटनचं प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम: अ‍ॅलन पेजसाठी तरी जाच

ओहायोत राहत असाल किंवा क्लीव्हलंडला कुणाकडे आला असाल तर कँटनचं प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधल्या (हेल्मेट घालून, बॉल हातात घेऊन खेळतात तो) दिग्गजांचं म्युझियम, बघाच, आय-७७ हायवेने साधारण तासाभरात पोचता. कँटनच का, तर या खेळाची लीग, एनएफएल, १९२० मध्ये याच गावात गाड्यांच्या एका शोरूममध्ये सुरू झाली, आणि म्युझियम उघडलं १९६३ ला. हेल्मेटं, जर्सी, जुने फोटो वगैरे सगळं मस्त आहे पण माझे तिकिटाचे पैसे वसूल झाले ते ब्रॉन्झच्या पुतळ्यांच्या हॉलमध्ये.

तिथे लोक आधी क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून टीमचा हल्ला चालवणारे स्टार, शोधतात. तुम्ही १९८८ ची बॅच, म्हणजे त्या वर्षी इथे निवडले गेलेले खेळाडू, शोधा, त्यात अ‍ॅलन पेज आहे. हा पोरगा कँटनचाच, आणि शाळेत असताना याच बिल्डिंगच्या बांधकामावर कामाला होता!! ज्या भिंती उभ्या करायला हातभार लावला तिथेच पंचवीस वर्षांनी त्याचा पुतळा बसला, मला तर हे कळल्यावर तिथून हलावंसंच वाटेना.

नोत्र दाम युनिव्हर्सिटीतून मिनेसोटा वायकिंग्ज टीमने त्याला १९६७ ला घेतला, डिफेन्सिव्ह टॅकल म्हणून. म्हणजे बचावाच्या लाइनमध्ये अगदी मधोमध उभं राहायचं, समोर क्वार्टरबॅकला वाचवणारा शंभरएक किलोचा गार्ड, बॉल हलला रे हलला की त्याला चुकवून किंवा ढकलून क्वार्टरबॅकपर्यंत जायचं, पुष्कळदा दोन-दोन जण अंगावर येतात, आणि एवढं करून बघणाऱ्यांचे डोळे बॉलवरच. पेज काही सगळ्यात अवजड नव्हता पण त्याचं पहिलं पाऊल भयंकर फास्ट, समोरचा सावरायच्या आत हा पलीकडे. १९७१ ला तो लीगचा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झाला, डिफेन्सच्या खेळाडूला हा मान तेव्हा पहिल्यांदाच मिळाला आणि नंतर १९८६ ला लॉरेन्स टेलरला. १५ सीझन, २१८ मॅचेस, एकही चुकवली नाही, लाइनवर रोज मार खाऊन! सॅकचा (क्वार्टरबॅकला बॉल फेकायच्या आत पाडणं) अधिकृत आकडा मात्र शोधू नका, लीगने सॅक मोजायला सुरुवात केली १९८२ ला आणि हा रिटायर झाला १९८१ ला. म्हणून नवीन लोकांना त्याचं नाव पटकन आठवत नाही आणि मला याचं फार वाईट वाटतं.

त्याच्याच बॅचमध्ये रेडर्सचा बिलेटनिकॉफ आणि स्टीलर्सचा जॅक हॅम आहेत. वायकिंग्ज चार सुपर बोल, म्हणजे लीगच्या फायनल, खेळले आणि चारही हरले, त्यातले दोन या दोघांच्या टीम्सकडून.

१९७८ ला तो लांब पल्ल्याचं पळायला लागला होता, वजन उतरलं, वायकिंग्जने सोडून दिलं, शिकागो बेअर्सने लगेच उचललं आणि तिथे तो अजून तीन-साडेतीन सीझन खेळला. त्याच वर्षी मिनेसोटा युनिव्हर्सिटीची लॉची डिग्री पण घेतली, खेळता खेळता. पुढे १९९२ ला मिनेसोटाच्या सुप्रीम कोर्टावर निवडून आला, तिथला पहिला कृष्णवर्णीय न्यायाधीश, आणि २०१५ पर्यंत काम केलं. हॉल ऑफ फेमच्या समारंभात आपली ओळख करून द्यायला त्याने कोच नाही, एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावलं होतं, आणि स्वतः बोलला तो पोरांच्या शिक्षणावर.

एक गोष्ट मनापासून सांगते, नुसत्या चेहऱ्याच्या पुतळ्यातून लाइनमन कळत नाही. त्याचं सगळं काम हातात, खांद्यात आणि पायात, चेहरा तर आयुष्यभर हेल्मेटमध्ये. म्हणून जायच्या आधी पेजच्या वायकिंग्जमधल्या जुन्या मॅचेसच्या क्लिप्स बघा आणि बॉल सोडून फक्त ८८ नंबरवर नजर ठेवा, मग पुतळ्यासमोर उभं राहण्यात मजा आहे.

निदान तीन तास हाताशी ठेवा, शाळेतली मुलं असतील तर नक्की न्या, आणि पुतळ्यांचा हॉल शेवटी ठेवू नका, तोपर्यंत पाय दुखायला लागतात आणि लोक भराभर बघून बाहेर पडतात.